बोटभर धान

“लोखंडात देव बसवायलीस व्हय?” आत्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तिथंच थांबला.

हॉलमधल्या फरशीवर मी पसारा मांडून बसले होते. समोर कॉम्प्युटरचं एक जुनं कॅबिनेट होतं. कुणा गिऱ्हाइकानं दुरुस्तीला म्हणून दुकानात आणून टाकलेलं आणि मग विसरलेलं. पोटातला मदरबोर्ड, डिस्क, वायरींचं जंजाळ, सगळं काढून मी ते रिकामं केलं होतं. लातुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं येणारे लोक पहिल्यांदा ‘मेकॅनिक कुठंय?’ असं मलाच विचारतात, त्याची सवय झालीय. पण आपल्याच घरात, आपल्याच कॅबिनेटवरून कुणी हटकेल असं वाटलं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर मला त्या हटकण्याचा आनंदच झाला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, प्रयागबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. कितीतरी दिवसांनी त्या आपणहून काहीतरी बोलल्या होत्या.

“देव आत नाही बसवायचा, आत्या. घट देव्हाऱ्यासमोरच राहील. आत फक्त धान. तेही पितळी परातीत.”

“तरी लोखंडच की.”

“गावातल्या आपल्या देवळाला कुलूप कशाचं आहे?”

“लोखंडाचं.”

“मग?”

“कुलूप भायेर असतंय,” आत्या म्हणाल्या, आणि पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसल्या. वादात त्या मला कधीच जिंकू द्यायच्या नाहीत. पण गेल्या वर्षभरात त्यांनी वादच घातला नव्हता.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे, जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि आम्ही आत्यांना गावाहून आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं होतं. गाव औशाच्या पुढं. तिथं आत्यांच्या हाताचं मोठं नाव होतं. आमच्याकडं रब्बीची ज्वारी पेरताना तिफणीच्या चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीत, मुठीनं दाणे सोडत तिफणीमागं चालावं लागतं. मूठ सारखी सुटली तर पीक सारखं उगवतं. हे काम बायकांचं. त्यातही कुणाच्या हाताला गुण आहे हे गाव ठरवतं, आणि आमच्या गावानं ते आत्यांच्या बाबतीत फार आधीच ठरवून टाकलं होतं. पहिलं तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, आत्यांच्या मुठीनं, मग बाकीच्यांनी पेरायचं.

नाव झालं ते घटामुळं. नवरात्रात देवीपुढं काळ्या मातीत गहू, ज्वारी, करडई असं धान पेरतात आणि दसऱ्यापर्यंत ते किती उंच येतं त्यावरून साल कसं जाणार ते बघतात. दसऱ्याच्या दिवशी आळीतला जो तो एकमेकांना विचारतो, “धान किती आलं?” आत्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. वीतभर. पिवळंधमक, वीतभर. आळी बघायला यायची.

फ्लॅटमधला पहिला घट मात्र सडला. देव्हारा आतल्या खोलीत, खिडकी नाही. चौथ्या माळेला वास यायला लागला, पाचव्या माळेला मातीवर पांढरी बुरशी चढली. आत्यांनी कुणाला काही न बोलता ती माती उचलून पाण्यात सोडून दिली. त्या साली ग्यानबाकाका, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, पेरणीला न्यायला आले तेव्हा त्या गेल्या नाहीत. “माझ्या हाताला आता गुण न्हाई राह्यला,” एवढंच म्हणाल्या. काकांनी ट्रॅक्टरवाल्याला बोलावून पेरून घेतलं.

तेव्हापासून त्यांनी हात जणू काढूनच ठेवले. पीठ मळायच्या नाहीत. धान्य निवडायला घ्यायच्या नाहीत. कुंडीतल्या तुळशीला पाणीसुद्धा मला घालायला सांगायच्या. खिडकीत बसून खालच्या पार्किंगमधल्या गाड्या बघायच्या. मी दुकानातून आले की आधी त्या खिडकीत आहेत का ते बघायचे, आणि त्या असायच्याच. मला त्या खिडकीची भीती वाटायला लागली होती. पूर्वी माझ्या भाकरीला नावं ठेवणारी, माझ्याशी मिठावरून भांडणारी बाई मला परत हवी होती.

पुढच्या साली नवरात्र जवळ आलं तेव्हा ग्यानबाकाका नेहमीसारखे रानातली माती पिशवीत घेऊन आले.

“वहिनी,” चहाची बशी खाली ठेवत ते म्हणाले, “औंदा तरी येताव का मुठीला? मी ट्रॅक्टर सांगितला न्हाई. तिफन काढून ठिवलीय.”

आत्या मातीच्या पिशवीकडं बघत होत्या. “घट शिवकन्या बसवंल औंदा. मी हात लावायची न्हाई.”

“बरं. आन मुठीचं?”

“घट कसा येतो बगू. धान चांगलं आलं तर येते.”

त्या हे टाळायला म्हणाल्या हे काकांनाही कळलं असावं. पण मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. धान चांगलं आलं पाहिजे, बस. एवढं तर मी करू शकत होते. सडलं ते हवा नाही आणि उजेड नाही म्हणून. हवा द्यायची, उजेड द्यायचा. कॉम्प्युटरच्या पोटात कुणीतरी रोपं वाढवल्याचा फोटो मी मागं कधीतरी इंटरनेटवर पाहिला होता, आणि माझ्या दुकानात रिकाम्या कॅबिनेटांना काही तोटा नव्हता.

मी कामाला लागले. आतल्या बाजूनं पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवला, उजेड फाकायला. गणपतीच्या आराशीतून उरलेल्या पांढऱ्या एलईडीच्या पट्ट्या वरच्या पत्र्याला आतून ओळीनं लावल्या. मागचा पंखा पुसून तेलपाणी केलं. त्यानं आतली दमट हवा बाहेर टाकायची, आणि पुढच्या जाळीतून ताजी आत यायची. कॅबिनेटचा वीजपुरवठा मदरबोर्डाशिवाय चालू होत नाही. त्याची हिरवी वायर काळीला जोडावी लागते. ती जोडली, बटण दाबलं, आणि पेटी आतून लख्ख उजळली.

“देवीला आता पासवर्ड टाकावा लागणार,” व्यंकट म्हणाला. व्यंकट माझा नवरा. डाळमिलमध्ये सुपरवायझर आहे, आणि दिवसभर मिलच्या खडखडाटात बोलता येत नाही म्हणून घरी आल्यावर तोंड बंद ठेवत नाही.

“तू नुसता बघत राहा.”

“बघतोय. व्हायरस आला तर कुणाला बोलवायचं? तुलाच ना?”

घट बसला. मातीचं सुगड, विड्याची पानं, नारळ, तेवता दिवा, सगळं देव्हाऱ्यासमोर रीतीप्रमाणं. शेजारी पेटीत परात, परातीत माती, मातीत धान. पहिली माळ घटावर सोडली. एक लहानशी पेटीच्या तोंडावरही बांधली, म्हणजे तिला परकं वाटायला नको. आत्या दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं बघत होत्या. आत आल्या नाहीत. पण गेल्याही नाहीत.

तिसऱ्या माळेला मातीतून टोकं वर आली. वास नाही, बुरशी नाही. मी दुकानात गिऱ्हाइकांनाही सांगत सुटले. पंख्याची बारीक घरघर घरात दिवसभर चालू असायची आणि मला ती फार आवडायला लागली. पाचव्या माळेला परात हिरवीगार झाली. पानं जाड, ताठ, गर्द. मी आत्यांना हाक मारली. त्या दारापर्यंत आल्या, तिथूनच वाकून बघितलं आणि परत गेल्या. मला वाटलं, भरून आलं असेल.

त्याच संध्याकाळी गावाहून काकूंचा फोन आला.

“शिवकन्या, तुमचं धान किती आलं गं? आमचं तर सुगडाच्या गळ्याला लागलंय.”

“छान आलंय, काकू.”

“छान म्हंजी किती?”

मी फोन ठेवला आणि परातीपाशी जाऊन बोट लावून बघितलं. बोटभर होतं. मोठ्या मनानं मोजलं तरी बोटभरच.

सहाव्या माळेलाही बोटभर. मी पाणी वाढवलं, पंख्याचा वेग कमी केला. काही नाही. ते आपलं जागच्या जागी रुंद होत होतं. शेवटी मी व्यंकटला आणून दाखवलं. त्यानं थोडा वेळ बघितलं आणि हसायला लागला.

“अगं, एवढा उजेड दिल्यावर ते वर कशाला जाईल? त्याला हवं ते बसल्या जागी मिळतंय. आमच्या गोदामात पोत्यांमागं हरभरा सांडतो ना, ओल लागली की त्याला मोड येतात. त्या अंधारात ते हात-हातभर वाढतात. पिवळे, लुळे. उजेड शोधत जातात बिचारे.”

मी परत परातीत बघितलं. पिवळंधमक, वीतभर. म्हणजे अंधारातलंच ते. आणि मी चंदेरी कागद लावून, आरास करून त्याला बुटकं करून ठेवलं होतं. देवीपुढं एवढं निरोगी धान आमच्या घराण्यात कधी आलं नसेल, आणि आत्यांच्या हिशेबानं ते धान म्हणजे वाईट सालाची खूण होती. त्या दिवशी त्या दारातूनच का परतल्या ते मला आता कळलं.

“सोपं आहे,” व्यंकट म्हणाला. “लाइट बंद कर. दसऱ्यापर्यंत येईल वर.”

“देवीला फसवायचं?”

“देवीला कुठं? आईला.”

ते तर मला जास्तच वाईट वाटलं. पण दुसरं काही सुचत नव्हतं. धान चांगलं आलं तर येते, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि ग्यानबाकाकांनी तिफण काढून ठेवली होती.

सातव्या माळेच्या दुपारी आत्या आडव्या झाल्या होत्या. मी देव्हाऱ्याच्या खोलीत गेले. दिव्यात तेल घातलं, उगाच फुलं सारखी केली. मग पेटीचं बटण बंद केलं. आतला उजेड गेला, आणि त्याच्याबरोबर पंखाही थांबला. घर एकदम सुनं वाटलं.

“आवाज कामून बंद झाला?” बाहेरून आत्यांचा आवाज आला.

मी उत्तर जुळवेपर्यंत त्या दारात होत्या. आणि मग त्या आत आल्या. घट बसल्यापासून पहिल्यांदाच. गुडघ्यावर हात टेकत परातीसमोर बसल्या.

“लाइट गेली?”

खोटं बोलायला ती चांगली संधी होती. लातुरात वीज जाणं ही काही बातमी नव्हती. पण त्या माझ्याकडं बघत होत्या आणि मला जमलं नाही.

“मी बंद केली, आत्या. उजेडात ते उंच येईना. अंधारात ठेवलं तर येईल म्हणून.”

“मला ठाव हाय,” आत्या म्हणाल्या.

“काय?”

“अंधारात उंच येतंय ते.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “माझ्या पयल्या साली धान चार बोटं आलं व्हतं. सासू म्हणली, सून पांढऱ्या पायाची हाय. समद्या आळीत सांगितलं तिनं. मी पंधरा-सोळाची. दुसऱ्या साली मी घटाच्या मातीवर दुरडी पालथी घालायला लागले. माळ घालायला येताना काढायची, कुणी नसलं की परत झाकायची. वीतभर आलं. सासूनं माझी अलाबला घेतली. मग दर सालीच झाकावं लागलं.”

“दर साली?”

“सासू गेली तरी. लोकं बगायला यायचे ना.” त्यांची नजर परातीवर होती. “आन त्या धानामुळंच मुठीला बोलवायला लागले मला. माझ्या हाताला गुण हाय म्हणून. गुण दुरडीचा व्हता, शिवकन्या.”

इतक्या वर्षांचं पिवळंधमक माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, आणि त्यावर पालथी घातलेली दुरडी.

“मागल्या साली हितं दुरडी न्हवती,” आत्या म्हणाल्या. “मी स्टीलचं पातेलं झाकलं. सडलं. मला वाटलं, आईनं शेवटी धरलंच मला. एवढी वर्सं तिच्याम्होरं बसून चोरी केली, सोडंल व्हय ती? मग कोणत्या तोंडानं चाड्यावर मूठ धरायची?”

वर्षभर त्या खिडकीत बसून हे उगाळत होत्या, आणि मला वाटत होतं त्यांना गाव आठवतंय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग, ते कसं ते मलाही कळलं नाही, मला हसूही आलं.

“आत्या, दुरडीला भोकं असतात,” मी म्हणाले. “हवा जाते. पातेल्यात कुठून जाणार? दमट, कोंदट, बुरशी येणारच. मीसुद्धा हा पंखा त्याच्यासाठीच लावलाय. देवीनं काही केलं नाही. पातेल्यानं केलं.”

“पातेल्यानं?”

“पातेल्यानं.”

मग आत्यांनी हात पुढं केला. वर्षभरात पहिल्यांदा त्यांची बोटं मातीला लागली. पानांवरून तळहात फिरवला. पानं वाकली आणि तळहात पुढं जाताच पुन्हा उभी राहिली. त्यांनी परत एकदा तसंच केलं.

“ताठ हाय की,” त्या म्हणाल्या. “दुरडीतलं हात लावला की मान टाकायचं.”

“पण बोटभरच आहे.”

“लाव ती लाइट. एवढ्या सालात पयल्यांदा न झाकलेलं उगवलंय. जेवढं हाय तेवढं असू दे.”

मी बटण दाबलं. पंखा घरघरायला लागला. त्या उजेडात आत्यांचा चेहरा मला नीट दिसला, आणि मी विचारायचं ते विचारून टाकलं.

“मग मुठीचं काय? धान चांगलं आलं तर येते म्हणाला होतात.”

“मग?” आत्या म्हणाल्या. “हे वंगाळ हाय का?”

दसऱ्यानंतर आम्ही एसटीनं गावाला गेलो. परात आत्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली होती. खिडकीशेजारी बसल्या होत्या, पण बाहेर बघत नव्हत्या, परातीवर ऊन पडू नये म्हणून सारखा पदर धरत होत्या. मी म्हटलं, ऊन चालतं त्याला. तर म्हणाल्या, तू कॉम्प्युटरचं बग.

रानात तिफण तयार होती. बैल जुंपलेले. आळीतल्या बऱ्याच बायका आल्या होत्या; व्यंकटनं फोनवर काकूंना पेटीचं सांगितल्यापासून आळीत तिचीच चर्चा होती. वर्षभरानं प्रयागबाई येणार म्हटल्यावर येणारच. आत्यांनी परात बांधावर ठेवली, पण एसटीतून उतरल्यावर तिच्यावर टाकलेलं फडकं काढलं नाही. ग्यानबाकाका पुढं आले. टोपी काढून हातात धरली, कारण दसऱ्याचं धान वहिनीच्या हातून टोपीत खोवून घ्यायचं राहिलं होतं.

“वहिनी,” त्यांनी विचारलं, “औंदा धान किती आलं?”

सगळ्या बायका पुढं सरकल्या. ‘वीतभर’ ऐकायचीच सगळ्यांना सवय. मी आत्यांकडं बघू शकले नाही, बैलांकडं बघत राहिले.

“बोटभर,” आत्या म्हणाल्या.

काकांचा चेहरा पडला. “बोटभर?”

“बोटभर,” आत्यांनी स्पष्ट सांगितलं. “औंदा झाकलं न्हाई.”

आणि त्यांनी फडकं काढलं. मी मान वर केली. मला वाटलं होतं आता कुजबुज होईल, कुणीतरी कुत्सित बोलेल. पण तसं काहीच झालं नाही. काकू एकदम आपल्या बांगड्या सारख्या करायला लागल्या. आळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या कोंडाबाई, ज्यांचं धान दर साली आत्यांच्या खालोखाल यायचं, त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हसू दाबताना त्यांचे खांदे हलायला लागले. त्यांचं बघून शेजारचीनं मान फिरवली. त्या हिरव्या परातीभोवती एकही बाई दुसरीच्या डोळ्याला डोळा द्यायला तयार नव्हती.

“झाकलं न्हाई म्हंजी काय?” ग्यानबाकाका विचारत होते. “कशानं झाकतेत?”

आत्यांनी परातीतून चार हिरवी पाती उपटली आणि त्यांच्या टोपीत खोवली. मग दुसरी चार उपटली. मला वाटलं ती व्यंकटसाठी, पण त्यांनी ती माझ्या वेणीत घातली.

“हाणा बैल,” त्या म्हणाल्या.

तिफण निघाली. आत्या मागं चालायला लागल्या, ओटीतून ज्वारीची मूठ घेतली आणि हात चाड्यावर धरला. दाणे खाली पडायला लागले, एकाच चालीनं, ना जास्त ना कमी. कोंडाबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. तासाच्या पार टोकापर्यंत त्या तो हात बघत होत्या.

“हात खराच हाय तिचा,” त्या म्हणाल्या. मग इकडं-तिकडं बघून माझ्या कानाशी आल्या. “तुझी ती पेटी कशी असती गं?”